चीशी झालेलं बोलणं

"ओन्ये क्वे, ची या एक्वे." माणूस हो म्हणाला, की त्याचा ची, म्हणजे त्याच्या सोबतीला असलेला त्याचा स्वतःचा देव, हो म्हणतो.

नायजेरियातल्या इग्बो लोकांची ही म्हण आता त्यांच्या गावांपुरती उरलेली नाही. ती भाषणांत येते, टी-शर्टांवर येते, उगवत्या सूर्याच्या चित्राखाली येते. निश्चय ठाम ठेवा, नशीब मागून येईल, असा तिचा सोपा अर्थ लावून लोक पुढे जातात. मला ही म्हण मनापासून आवडते आणि म्हणूनच तिला अशी एकटीला फिरवलेली मला बघवत नाही. ज्या बैठकीतून ती उठून आली, तिथे तिच्या शेजारी आणखी कितीतरी म्हणी बसलेल्या आहेत. काही तिला दुजोरा देतात, काही मधेच थांबवतात, एखादी तर तिला सरळ खोटं पाडते. त्या सगळ्यांसकट ती ऐकली, तर नशीब म्हणजे काय आणि आपण इथे कशासाठी आलो, या प्रश्नांवर इग्बो माणसांनी पिढ्यानपिढ्या केलेला विचार दिसायला लागतो. त्या विचाराने मला आधार दिला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही काही वर्षं लागोसला होतो. मी एका औषध कंपनीच्या गोदामाचे हिशेब बघायची. गोदामाचे प्रमुख न्नेवीच्या बाजूचे एक इग्बो गृहस्थ. तिकडे मालकाला, साहेबाला 'ओगा' म्हणतात. आम्ही सगळे त्यांना ओगाच म्हणायचो. ते मला मॅडम म्हणत आणि बोलणं रंगलं की सिस्टर. काही म्हणी मी आधी वाचलेल्या होत्या. पण म्हण कुणी, कुणापुढे आणि कोणत्या क्षणी काढायची, हे मला ओगांमुळे कळलं.

इग्बोंचा मुलूख नायजेरियाच्या आग्नेय भागात. ओनित्शा, न्नेवी, एनुगू, ओवेरी, आबा ही त्यातली मोठी गावं. संख्येने हे लोक कोट्यवधी आहेत, पण त्यांच्या बऱ्याचशा भागात पूर्वी राजा असा नव्हता. "इग्बो एन्वे एझे", इग्बोंना राजा नसतो, असं ते आजही अभिमानाने सांगतात. निर्णय व्हायचे ते गावाच्या सभेत आणि भाऊबंदांच्या बैठकीत, बोलून बोलून. जिथे कुणाचा हुकूम चालत नाही तिथे बोलणं हेच हत्यार, त्यामुळे ते परजून ठेवावं लागतं. म्हणी म्हणजे शब्द ज्याच्याबरोबर खायचे ते पामतेल, हे त्यांचं वाक्य इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या कादंबरीमुळे जगभर पोचलं.

पामतेलाआधी मात्र कोला. पाहुणा घरात आला की पहिल्यांदा कोलाचं फळ पुढे येतं. लाकडी तबकात दोन-तीन गुलाबी-तांबूस बिया, बाजूला शेंगदाण्याची तिखट चटणी. यजमान ते तबक पाहुण्यांपुढे धरतो, ते हातोहात फिरतं आणि पुन्हा यजमानाकडे येतं. मग तिथला सगळ्यांत वडीलधारा पुरुष एक बी उचलून प्रार्थना म्हणतो. ही प्रार्थना इग्बोतच हवी. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं ते म्हणतात. ओगांच्या घरी मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्यांच्या वृद्ध काकांनी बी फोडली आणि आधी पाकळ्या मोजल्या. चार निघाल्या. एके, ओरिये, आफो, न्क्वो असे इग्बो आठवड्याचे चारच दिवस, बाजाराचे, म्हणून चार पाकळ्या शुभ. चव कडू, तुरट. चावत राहिलं की मागून बारीक गोडी येते. प्रार्थनेत एक ओळ होती, तिला सगळ्यांनी एका आवाजात 'इसे', म्हणजे तथास्तु, म्हणत साथ दिली. "एग्बे बेरे, उगो बेरे." घारीलाही फांदीवर बसू दे, गरुडालाही बसू दे. जो दुसऱ्याला बसू नको म्हणेल, त्याचा पंख मोडो.

नशिबाबद्दल लिहायला बसल्यावर मी घारी-गरुडाकडे कुठे वळले, असं वाटेल. पण मला हे नीट सांगायचं आहे, कारण इग्बो माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल जे काही म्हणतो ते या ओळीच्या आत राहून म्हणतो. स्वतःच्या उत्कर्षाची मनमोकळी इच्छा धरायची, आणि ती शेजारच्या फांदीवर बसलेल्याला उडवून लावून नाही.

आता ची. प्रत्येक माणसाबरोबर त्याचा स्वतःचा एक ची असतो. तो त्याला घडवतो, त्याच्याबरोबर जगतो, त्याच्या वाट्याला काय यायचं ते सांभाळतो. सगळ्यांच्या वर चुक्वू, म्हणजे परमेश्वर, आहेच, पण ची हा तुमचा एकट्याचा. नवऱ्याचा बायकोला चालत नाही, थोरल्याचा धाकट्याला चालत नाही. "एका आईने जन्म दिला, तरी एकाच चीने घडवलेलं नसतं," अशी म्हण आहे. भावंडांची तुलना चालली की ती हमखास निघते. ओगांच्या बायकोने ती एकदा माझ्यासमोरच काढली. थोरली मुलगी डॉक्टरकीला लागलेली, धाकट्याचं अभ्यासात लक्ष नाही, आणि कुणीतरी त्याला बहिणीचं उदाहरण देत होतं. वहिनींनी हातातलं काम न थांबवता हे एकच वाक्य टाकलं आणि तो विषय तिथेच मिटला.

इग्बो नावं पाहिली तर हा ची घराघरांत हाक मारल्यासारखा वावरतो. चिनेदू, म्हणजे ची वाट दाखवतो. केलेची, चीचे आभार. ओन्येकाची, चीपेक्षा मोठा कोण? चिनुआ अचेबे यांचं पूर्ण नाव चिनुआलुमोगू: माझा ची माझ्यासाठी लढो. न्केइरुका या मुलीच्या नावात ची नाही, पण मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं: जे पुढे आहे ते अधिक मोठं आहे. म्हणी बहुतेक पुरुषांच्या बैठकीत घडल्या आणि टिकल्या. नावांत मात्र आयांचं आणि आज्यांचं बोलणं ऐकू येतं. कुणाचं मूल आधी गेलेलं असतं, कुणाला उशिरा झालेलं असतं, कुणाला सासरी ऐकून घ्यावं लागलेलं असतं. ते सगळं त्या एका नावात ठेवून बाई मोकळी होते.

या चीबद्दलची एक समजूत मला विलक्षण वाटते. जन्माला येण्याआधी माणसाचं आणि त्याच्या चीचं बोलणं होतं. काय घेऊन जायचं, काय सोडायचं, कुठला गुण, कुठलं दुखणं, याचा जणू सौदा ठरतो. म्हणून एखाद्याचा स्वभाव बदलत नाही किंवा एखाद्याच्या हाताला भलतीच कला असते, तेव्हा लोक म्हणतात, त्याचं आणि त्याच्या चीचं असंच बोलणं झालेलं आहे.

आपल्याकडे सटवाई येते ती सहाव्या रात्री. कोरा कागद आणि लेखणी ठेवलेली असते, ती कपाळावर लिहून जाते आणि बाळ झोपलेलं असतं. जे लिहिलं ते वाचायला मिळत नाही, बोलायला तर नाहीच. इग्बोंच्या कल्पनेत मात्र त्या खोलीत आपण जागे असतो. आपलं म्हणणं मांडतो. मग ते विसरतो, आणि सगळं आयुष्य ते आठवण्यात जातं. ही एवढीशी वाटणारी गोष्ट माझ्यासाठी मोठी ठरली. माझ्या वाट्याला आलेलं काम, माणसं, गाव यांच्याबद्दल मनात रुसवा दाटून येतो तेव्हा मी स्वतःला विचारते, की यातलं काही मी मागून घेतलेलं असेल तर? ते मी कशासाठी मागितलं असेन? उत्तर मिळतंच असं नाही, पण प्रश्न विचारला की मी तक्रारदाराच्या खुर्चीतून उठते.

या सौद्याच्या उजेडात "ओन्ये क्वे" पुन्हा ऐकावी. माणूस हो म्हणतो म्हणजे तो आकाशाला हुकूम सोडत नाही; आधी झालेल्या बोलण्याला तो दुजोरा देतो. ची कुठेतरी उभाच आहे, पण पहिला शब्द माणसाने उच्चारायचा आहे. तो उच्चारल्याशिवाय ची हलत नाही, आणि हे उच्चारणं तोंडाचं नाही, हाताचं आहे.

हाताचं म्हणजे काय, ते इकेंगापाशी कळतं. इकेंगा ही लाकडाची कोरीव मूर्ती, पूर्वी कर्त्या पुरुषाच्या बैठकीच्या खोलीत असायची. डोक्यावर शिंगं, उजव्या हातात सुरा, डाव्या हातात बहुधा शत्रूचं शिर किंवा हस्तिदंत. ही त्या माणसाच्या उजव्या हाताची, म्हणजे त्याच्या कर्तृत्वाची देवता. तिला कोला आणि ताडीचा नैवेद्य. शिंगं मेंढ्याची, कारण मेंढा लढाईला जातो तो डोकं पुढे करून. काम सुरू करण्याआधी माणूस या आपल्याच हाताला नमस्कार करायचा. इंग्रजांच्या काळात आणि नंतर अशा कितीतरी मूर्ती परदेशी संग्रहालयांत गेल्या. काचेमागे ती मूर्ती उग्र दिसते, पण मुळात ती घरातली होती, रोज सकाळी बोलायची वस्तू होती.

आणि तिच्याशी बोलणं एकतर्फी नव्हतं. इकेंगा पावत नाही, सगळे प्रयत्न करूनही माणसाचं काहीच धड होत नाही, असं दिसलं तर तो तिला टाकून देऊन दुसरी घडवून घेई. देव डोईजड झाला तर त्याला कुठल्या लाकडातून कोरलं ते दाखवावं, अशी म्हणच आहे. यात उद्धटपणा नाही. ज्याच्याशी सौदा झाला आहे त्याला जाब विचारता येतो, असा हा व्यवहार आहे. कपाळावर हात मारून घेणाऱ्या माणसाला हा अधिकार कधीच मिळत नाही.

मातीने भरलेला हात तोंडाला तेल लावतो, ही म्हण मुलांना अगदी लहानपणी शिकवली जाते. हात मळल्याशिवाय तेलकट, म्हणजे चवीचं, जेवण नाही. आणि हात धुतलेलं पोर मोठ्यांच्या पंगतीला बसतं. एका म्हणीत हात मळवायचे, दुसरीत धुवायचे, आणि दोन्ही खऱ्या.

इथपर्यंत आलं की प्रेरणादायी भाषणवाल्यांचं समाधान होईल. हात मळवा, हो म्हणा, मिळवा. पण आता जी म्हण येते, ती त्यांच्या भाषणात मी कधी ऐकली नाही.

"ओन्ये बुरु ची या उझो, ओ ग्बाग्बुओ ओन्वे या न ओसो." जो आपल्या चीच्या पुढे धावतो, तो धावून धावून मरतो.

एका मल्लाची गोष्ट सांगतात. त्याने गावातले, पंचक्रोशीतले सगळे पैलवान लोळवले. मग त्याला वाटलं, माणसांत आता कोण उरलं? तो भुतांच्या मुलखात गेला आणि तिथेही एकेकाला चीत करत सुटला. बरोबरचा बासरीवाला परत फिरायला विनवत होता, पण हा गुर्मीत. शेवटी सगळ्यांना हरवून तो ओरडला, आणखी कोणी असेल तर आणा. तेव्हा त्यांनी त्याचाच ची पुढे केला. किरकोळ अंगाचा, सुकलेला. मल्ल हसला. त्या किरकोळ जीवाने त्याला एका हाताने उचललं आणि खडकावर आपटलं.

अचेबेंनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या चीवरच्या निबंधात ही गोष्ट सांगितली आहे आणि त्यांच्या पहिल्या कादंबरीचा नायक ओकोंक्वो याचं आयुष्यही याच खडकाकडे जातं. ओकोंक्वोने जोरात हो म्हटलं होतं आणि चीही हो म्हणाला होता. पुढे हद्दपारीत त्याला वाटायला लागतं, की आपण हो म्हणत राहिलो तरी आपला ची नाही म्हणतो आहे. इग्बोंमध्ये यासाठी सरळ वाक्यप्रयोग आहे: त्याचा ची कबूल झाला नाही. एवढंच. आळशी होता, चुकला, कमी पडला, असं काही त्यात नाही.

मला इथे थांबायचं आहे, कारण या सगळ्या म्हणींमधली माझ्या लेखी सर्वांत मोलाची जागा हीच. इग्बो समाज कमालीचा कर्तबगारीचा भोक्ता. मिळवणाऱ्याला तिथे मान आहे, पदव्या आहेत, मिरवणं आहे. अशा समाजात न मिळवू शकलेल्याची अवस्था किती केविलवाणी व्हावी! जिथे यश हे सर्वस्वी निश्चयाचं फळ, तिथे अपयश हा सर्वस्वी गुन्हा ठरतो. हे आपण आज आपल्या मुलांबाबत रोज पाहतो. परीक्षा हुकलेल्या मुलाला आपण, तू मनापासून केलं नाहीस, एवढंच सांगू शकतो. दुसरं वाक्यच आपल्याजवळ उरलेलं नाही. इग्बोंनी ते वाक्य जपून ठेवलं. अंग मोडून कष्ट केले, नीतीने वागला, तरी काही जमलं नाही अशा माणसाकडे बोट दाखवून बैठकीतला म्हातारा म्हणू शकतो, त्याचा ची कबूल झाला नाही. आणि मग त्या माणसाला जेवायला वाढतात, त्याची जागा बैठकीत तशीच राहते.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. वाईट चीचा माणूस असा शिक्का एकदा बसला की तो पुसणं कठीण, आणि बाई असेल तर आणखी कठीण. म्हणूनच एक म्हण दुसरीवर पहारा ठेवते. "इहे क्वुरु, इहे अक्वुदेबे या." एक गोष्ट उभी राहिली, की दुसरी तिच्या शेजारी उभी राहते. इग्बो विचारात कुठलंच सत्य एकटं उभं नसतं. हो म्हण, हे खरं. चीच्या पुढे धावू नकोस, हेही खरं. कोणतं कधी, हे म्हणी सांगत नाहीत. ते बैठकीतल्या माणसाने जोखायचं.

माणसाचं काम काय, ते कधीकधी अवचित दारात येऊन उभं राहतं. नोव्हेंबर १९२९. ओलोको गावात न्वान्येरुवा नावाची विधवा आपल्या अंगणात पामतेल काढत होती. इंग्रजांनी नेमलेल्या मुखियाचा माणूस तिच्याकडे आला आणि म्हणाला, तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि घरातली माणसं मोज. आधीच्या वर्षी पुरुषांवर कर बसला होता; आता बायकांची पाळी, हे तिने ओळखलं. तिने उलट विचारलं, तुझ्या आईला मोजलं होतं का? बाचाबाची झाली. ती तशीच बायकांच्या सभेकडे धावली. तिथून पामच्या पानांच्या खुणा गावोगाव गेल्या आणि हजारो बायका मुखियांच्या दारांत जमल्या, गाणी म्हणत, नाचत, त्यांच्या अधिकाराच्या टोप्या मागत. सरकारने गोळीबार केला. ५० हून अधिक बायका मेल्या. पण बायकांवर कर बसला नाही, आणि पुढे मुखिया नेमण्याची ती पद्धतही मोडीत निघाली.

"म्बेरेदे न्यिरी दिके" अशी म्हण आहे. अवचित आलेलं संकट वीरालाही भारी पडतं. आणि तिचा उरलेला भाग: पण वीर ओळखला जातो तो अवचितातच. न्वान्येरुवाने सकाळी उठून इतिहास घडवायचं ठरवलेलं नव्हतं. तिला तेल काढायचं होतं. आपल्या जगण्याचं प्रयोजन शोधायला निघालेल्या माणसांना मी हल्ली तिची गोष्ट सांगते. तिने शोधलं नाही. ते आलं तेव्हा ती घरी होती, आणि तिने ओळखलं.

ओगांची गोष्ट याच्या उलट, संथ चालीची आहे.

इग्बोंचा मुलूख बायाफ्रा या नावाने नायजेरियातून वेगळा होऊ पाहत होता, त्यावरून १९६७ च्या जुलैपासून १९७० च्या जानेवारीपर्यंत बायाफ्राचं युद्ध झालं. लाखो इग्बो माणसं मेली, त्यांतली बहुतेक भुकेने. युद्ध संपल्यावर बँकेत कितीही रक्कम असली तरी प्रत्येक खातेदाराच्या हाती २० पौंड ठेवण्यात आले. अशा नागवलेल्या लोकांनी जे उभं केलं, त्यात त्यांच्या जुन्या उमेदवारीच्या रिवाजाचा वाटा मोठा. मुलगा ओगाच्या घरी जातो, पाच-सात वर्षं राबतो, धंदा शिकतो, आणि मुदत संपली की ओगा त्याला भांडवल देऊन स्वतःचं दुकान थाटून देतो. "राजाची सेवा करणाऱ्याकडे राजेपण येतं," ही म्हण त्यांच्या तोंडी असते. न्नेवीचे सुट्या भागांचे व्यापारी, ओनित्शाचा बाजार, आबाचे चपला-बूट करणारे, सगळे याच साखळीतून आलेले.

आमचे ओगा प्राथमिक शाळा संपवून ओनित्शाला एका सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे गेले. पहाटे अंगण झाडायचं, मालकाची गाडी धुवायची, शटर उघडायचं. बेअरिंग खरं की नकली ते कानाशी फिरवून ओळखायला शिकले. ती सवय हाताला इतकी भिनली होती, की आमच्या गोदामात औषधांचं खोकंही ते आधी कानाशी नेऊन हलवत. मुदत संपत आली आणि मालकाने चोरीचा आळ घेऊन त्यांना हाकलून दिलं. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी. लेखी काहीच नव्हतं. या रिवाजात शब्द हाच कागद.

गावी भाऊबंदांची बैठक बसली. मालकाकडे माणसं पाठवली गेली, पुन्हा पाठवली, काही हाती लागलं नाही. ओगांच्या डोक्यात तेव्हा एकच होतं: कर्ज काढायचं आणि त्याच गल्लीत, त्याच्या समोर दुकान टाकायचं. त्या बैठकीत सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने त्यांना चीच्या पुढे न धावण्याची म्हण ऐकवली. "मला ती शिवीसारखी लागली," ओगा सांगत. "मी कितीतरी दिवस त्या म्हाताऱ्याशी बोललो नाही." ते लागोसला आले, हमाली केली, गोदामात चिकटले. पुढे बायकोच्या नावाने छोटं दुकान काढलं, आणि दुकान चालायला लागल्यावर गावाकडचा एक मुलगा हाताखाली घेतला.

त्या मुलाची मुदत संपली, त्याला मोकळं करण्याच्या दिवशी आम्हालाही बोलावणं होतं. अंगणात ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका टोकाला मोठ्या पातेल्यात जोलोफ भात. ओगांनी त्यांच्या जुन्या मालकालाही निरोप धाडला होता. ते आले नाहीत. त्यांचा मुलगा आला, बिअरचा एक क्रेट घेऊन, आणि फाटकाशीच उभा राहिला.

कोला अजून फुटला नव्हता. म्हाताऱ्यांची तिथल्या तिथे चर्चा सुरू झाली. क्रेट घ्यायचा की परत पाठवायचा? एकजण म्हणाला, बापाचं देणं बापाने फेडावं. दुसरा म्हणाला, मुलगा दारात आला म्हणजे घर आलं. तिसऱ्याने कासवाची एक लांबलचक गोष्ट लावली. वहिनी दोनदा सांगून गेल्या की भात गार होतो आहे. ओगा एक शब्द बोलले नाहीत. बैठकीपुढे निर्णय गेला की तो बैठकीचा. बऱ्याच वेळाने काकांनी ठरवलं, की क्रेट घ्यायचा, पण आणणाऱ्याने नुसता ठेवून जायचं नाही, बसायचं आणि कोला खायचा. घार आणि गरुड दोघांनाही फांदी, असं ते म्हणाले आणि बाकावरच्या दोन तरुणांना सरकायची खूण केली. तो मुलगा येऊन बसला. कोला फुटला, पाकळी त्याच्या हाती गेली, त्याने खाल्ली.

मग ओगांनी आपल्या मुलाला, म्हणजे त्या उमेदवाराला, पुढे बोलावलं. दुकानाच्या भाड्याची पावती, मालाची यादी, आणि उधारीवर माल देतील अशा व्यापाऱ्यांची नावं लिहिलेली एक वही त्याच्या हातात ठेवली, आणि सगळ्यांसमोर नोटा मोजायला सुरुवात केली.